गळतं किती आणि जातं काय : साक्री तालुक्यातल्या एका तलावाच्या प्रकल्प नोंदी

२४ मे २०२४

आखाजी झाली, निवडणुकीच्या ड्यूट्या संपल्या, आता प्रकल्पाला हात. तलाव पांझरेच्या खोऱ्यातला. नाव मुद्दाम लिहीत नाही. 'धरण फुटणार' असा मेसेज गावच्या ग्रुपवर आधीच फिरून गेलाय, त्यात आमच्या आकड्यांची भर नको. १९७२ च्या दुष्काळानंतर निघालेल्या कामांपैकी हे एक. मधे काळ्या मातीचा भराव, वर मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. डाव्या टोकाला काँक्रीटचा सांडवा, उजवीकडे भराव टेकडीला भिडलेला.

प्रश्न साधा ठेवलाय : या तलावाचं पाणी त्याच्याच भिंतीचं काय करतं? मी रसायनशास्त्राची, सोबतीला स्थापत्य विभागाचे सर आणि शेवटच्या वर्षाची मुलं. सर म्हणाले, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते, तेव्हाच्या तक्त्यात 'गळती आहे/नाही, असल्यास प्रमाण' एवढा रकाना असतो. पाण्यात काय विरघळलंय, हे त्यात कुठे येत नाही.

चार ठिकाणं ठरवली. 'अ' तलावाचं पाणी. 'ब' उजव्या टोकाला भरावाच्या पायथ्याशी मोठा झिरपा; पाटासारखा वाहतो आणि गावाची सगळी भीती त्याच्यावरच आहे. 'क' सांडव्याच्या भिंतीतला आडवा सांधा. 'ड' भरावाच्या पायथ्याची निचरा-चर.

आज तलावात डबकंच उरलंय. 'क' कोरडा, पण सांध्याखाली पांढरे ओघळ आणि बोटभर लांबीच्या पांढऱ्या कांड्या लोंबतात. चौकीदार आप्पा म्हणाले लोणा लागलाय. लोणा पाण्यात विरघळला असता. हे विरघळलं नाही, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसलं. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कुणीतरी मागे खालच्या अंगाने सिमेंटचा गिलावा मारून हा सांधा बुजवला होता. गिलाव्याच्या कडेने नवे ओघळ आलेत.

'ब' मात्र मे महिन्यातही वाहतोय. तलाव आटला तरी झिरपा आटत नाही, हे लिहून ठेवलं.

२८ मे २०२४

मुलांना समजावताना फळ्यावर जे काढलं, तेच इथे.

सिमेंट पाण्याशी जुळून घट्ट होतं तेव्हा त्यात मोकळा चुना तयार होतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. साधारण ५० किलोच्या पोत्यामागे १० ते १२ किलो. काँक्रीटचा पीएच १२ च्या वर राहतो तो याच्यामुळे, आणि आतली सळई गंजत नाही तीही याच्याचमुळे. पण तो पाण्यात विरघळतो. साध्या तापमानाला लिटरमागे दीड ग्रॅमहून थोडा जास्त, आणि गार पाण्यात आणखी थोडा जास्त. बहुतेक क्षार ऊन पाण्यात जास्त विरघळतात, चुन्याचं उलटं. हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट झाला, की शुद्ध पाण्यात लिटरमागे १४-१५ मिलिग्रॅमच विरघळतो. शंभरपट फरक.

म्हणून कुठल्याही गळतीला तीन प्रश्न विचारायचे. एक, हे पाणी तलावाचंच आहे का? त्याला क्लोराइड. काँक्रीट क्लोराइड सहसा देत नाही आणि घेतही नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तलावाचा आणि गळतीचा आकडा जुळला तर पाणी एकच. दोन, वाटेत त्याला मोकळा चुना भेटला का? त्याला फिनॉल्फ्थॅलीन. थेंब टाकून गर्द गुलाबी झालं, तर आम्लाने मोजून हायड्रॉक्साइड आहे का ते पाहायचं. जमिनीतल्या पाण्यात नुसतं बायकार्बोनेट असतं, ते गुलाबी होत नाही. तीन, किती वेगाने? त्याला बाटली आणि घड्याळ.

नमुना घेताना एकच सक्ती : बाटली काठोकाठ, बुचाखाली हवेचा बुडबुडासुद्धा नको. चुन्याच्या पाण्याला हवा लागली की ते बाटलीतच पांढरं होतं, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पुरावा तळाशी बसलेला असतो. शक्य तेवढी मोजणी जागेवरच करायची. ब्युरेटचा, म्हणजे आम्ल थेंबाथेंबाने मोजायच्या नळीचा, स्टँड स्कूटरवर न्यायचा प्रश्न मुलांनी सोडवला.

२ जुलै २०२४

पाऊस बरा लागला. 'क' ला अजून पाणी पोचलेलं नाही, तेव्हा भरावाकडे वळलो.

उतारावर पावसाच्या घळी पडल्यात. काही वरून बंद आणि आत पोकळ : माती आतून गेली, वरचं कवच राहिलं. सरांना शंका आली की ही माती पाण्यात फुटणारी आहे. साध्या ओल्या चिखलात आणि या मातीत फरक आहे. चिकणमातीच्या कणांना सोडियम जास्त चिकटलेला असेल तर कण एकमेकांना धरून राहत नाहीत, पाण्यात आपोआप सुटे होतात. वाहत्या पाण्याच्या जोराचीही गरज लागत नाही.

चाचणी अगदी स्वस्तातली. घळीच्या कडेची आणि भरावाच्या आतली, अशी दोन ठिकाणची सुपारीएवढी ढेकळं, प्रत्येकी दोन पेल्यांत. एका पेल्यात मेमध्ये भरून ठेवलेलं तलावाचं पाणी, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित. आतल्या मातीचं ढेकूळ दोन्हीकडे ढासळून खाली बसलं, पाणी निवळ. घळीकडच्या ढेकळाने तलावाच्या पाण्यात फारसं काही केलं नाही, पण ऊर्ध्वपातित पाण्यात त्याच्याभोवती पिवळट धूर पसरला आणि संध्याकाळपर्यंत पेला गढूळच.

मुलांना हे पटायला वेळ लागला. क्षार जास्त असलेलं पाणी मातीला बांधून ठेवतं आणि निर्मळ पाणी तिला फोडतं! पण तसंच आहे. आणि पावसाचं पाणी म्हणजे जवळपास ऊर्ध्वपातितच. घळी पावसाच्या अंगाला पडतात त्या याच्यामुळे. अशी माती गाभ्यात असती तर एखाद्या बारीक भेगेतून धूप सुरू होऊन आत नळी पडायची भीती. अमेरिकेत शेरार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मातीच्या अनेक धरणांच्या पडझडीमागे हेच कारण दाखवलं आणि सुईच्या छिद्रातून पाणी सोडून मातीची परीक्षा करायची पद्धत बसवली. आमच्याकडे ते यंत्र नाही. घळीकडची माती बहुधा नंतरच्या दुरुस्तीत कुठल्या तरी शेतातून आणलेली. उपाय फार महाग नाही : त्या पट्ट्यात जिप्सम मिसळायचं म्हणजे सोडियमच्या जागी कॅल्शियम बसतो, वर मुरमाचा थर, त्यावर गवत. वेडी बाभूळ मात्र उपटायला हवी. तिची मुळं कुजली की पाण्याला आयती वाट.

१४ ऑगस्ट २०२४

कानबाईच्या सणाला मुलं गावी गेलेली, काल परतली. तलाव सांध्याच्या वर चढलाय आणि 'क' टपकतोय. लिटरची बाटली भरायला ३५ सेकंद. थेंब पडताच गुलाबी.

'अ' ची विद्युतवाहकता १९० मायक्रोसीमेन्स. विरघळलेले क्षार जास्त तेवढा हा आकडा जास्त. मेमधल्या डबक्यात ती ६४० होती. म्हणजे तलाव भरतो तो मऊ, क्षार कमी असलेल्या पाण्याने. असं पाणी चुन्याला भुकेलेलं. नेमकं याच दिवसांत पाण्याची उंची जास्त, दाब जास्त. उन्हाळ्यात पाणी जड होतं, चुना फारसा घेत नाही, पण तेव्हा ते सांध्याच्या खाली असतं. उन्हाळ्यात नमुना घेऊन 'पाणी भिंतीला बाधक नाही' असा शेरा मारणं सोपं आहे. कागदावर तो खराही ठरेल.

जेवताना आप्पा बोलता बोलता 'ब' बद्दल म्हणाले, "तलाव नव्हता तैन बी तठे झिरा व्हता, ताई." आमच्या सगळ्या रसायनांपेक्षा हे वाक्य आधी ऐकायला मिळालं असतं तर बरं. तरी मोजणार आहोतच.

२८ ऑगस्ट २०२४

पांझरेवरचा फड पद्धतीचा, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या रीतीचा, एक जुना बंधारा पाहून आलो. काहीशे वर्षांपूर्वीची दगड-चुन्याची बांधणी, अजून पाट चालतो. विद्यार्थिनीने विचारलं, चुना पाण्यात विरघळतो तर हा उभा कसा? माझा अंदाज असा : बंधारा बुटका, पातळ, पावसाळा सोडला तर हवेला उघडा. त्यातला चुना केव्हाच कार्बोनेट झालाय. शिवाय दगडांच्या सांध्यांतला वाहून गेलेला चुना गावकरी पुन्हा भरत आले.

जाड धरणाच्या पोटात मात्र हवा पोचत नाही. केरळमधलं मुल्लपेरियार १८९५ चं, आत चुना-सुरखीचं काँक्रीट. तिथे गळतीबरोबर चुना जात राहिला, आणि १९७९ नंतर माथ्यावर काँक्रीटचं वजन, आतून केबलचे नांगर आणि मागे काँक्रीटचा आधार अशी मजबुती करावी लागली. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. ती मोकळ्या चुन्याला धरून न विरघळणारं संयुग बनवते. दीपनगरच्या वीजकेंद्राची राख सिमेंटमध्ये घालतात तेव्हा तीही हेच काम करते. आजच्या राखमिश्रित (पीपीसी) सिमेंटची भिंत या बाबतीत आमच्या सांडव्याहून बरी.

२१ सप्टेंबर २०२४

सांडवा वाहून थांबला. सरांनी सांडव्याच्या माथ्यावर जाळीसारख्या बारीक भेगा दाखवल्या. खडीत गारगोट्या दिसतात, या भागातल्या पोकळ्यांच्या काळ्या दगडात त्या असायच्याच, झिओलाइट हे खनिजही. गारगोटीतली काही सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी जुळून फुगणारा जेल करते. उत्तर प्रदेशातल्या रिहांद आणि ओडिशातल्या हिराकुड धरणांत ही प्रक्रिया नोंदलेली आहे. इथे तसं आहे का, ते काँक्रीटचा नमुना कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तो खर्च आमच्या आवाक्यात नाही. उन्हाने, सुकण्यानेही अशा भेगा पडतात. फोटो काढले, पुढे गेलो.

मुक्ताईनगरकडच्या मुलाने चांगदेवच्या संगमावरून तापीच्या आणि पूर्णेच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या. आमच्या प्रकल्पात त्या बसत नाहीत, पण पूर्णा खारपाण पट्ट्यातून येते म्हणून उत्सुकता. खाली हतनूरला या दोन्हींचं पाणी ४१ लोखंडी दरवाज्यांना लागतं. तिथला प्रश्न चुन्याचा कमी, गंजाचा जास्त. त्याला एकच सांगितलं : खारपाणात बांधकाम काढशील तेव्हा विहिरीचं पाणी आधी तपास. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटसाठी मिसळायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. बाहेरून येणारं पाणी पुढचं पुढे. भिंतीत पहिल्याच दिवशी मीठ घातलं तर कोण काय करणार.

१९ ऑक्टोबर २०२४

मोजणीचा मुख्य दिवस. पीएच, वाहकता आणि तापमान सोडून सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅम; अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात.

'अ' : क्लोराइड २२, कॅल्शियम ३०, एकूण अल्कलिनिटी १३०, गुलाबी जवळपास नाहीच. वाहकता ३३०.

'ब' : क्लोराइड ७०, कॅल्शियम ६४, पीएच ७.३, गुलाबी अजिबात नाही. वाहकता ७७०. मेमध्ये ७८० होती. तलाव रिकामा असो वा भरलेला, 'ब' ला फरक नाही. तापमानही तेच, २७ अंश.

'क' : क्लोराइड २२. कॅल्शियम ८४. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग जाईपर्यंतची अल्कलिनिटी २१०, एकूण २२५. पीएच ११.५ च्या आसपास, वाहकता ११०० वर.

'ड' : क्लोराइड २४, पाणी निवळ, गुलाबी नाही. भराव जेवढा झिरपायला हवा तेवढा झिरपतोय. माती येत नाही. पुढे.

'ब' चा निकाल लागला. ते टेकडीतलं भूजल आहे. धुळे-नंदुरबार भागात डाईकच्या, म्हणजे भेगांत गोठलेल्या लाव्हाच्या, काळ्या भिंती जमिनीतून आडव्या-उभ्या गेलेल्या दिसतात; त्यांच्या कडेने पाणी अडतं आणि वर येतं. इथेही उजव्या टोकाला तशी एक रांग आहे. आप्पांचा झिरा तोच. पायथ्याशी पाणी साचू देऊ नये, चर काढून द्यावी, एवढंच. ज्या पाण्यावरून गावाची झोप उडाली ते धरणाचं नाहीच.

आणि ज्याकडे कुणी पाहत नव्हतं त्या 'क' चं पाणी तलावाचं, पण बाहेर येतंय ते चुन्याचं होऊन. फिनॉल्फ्थॅलीनच्या आकड्याची दुप्पट केली, एकूण वजा केली : ४२० वजा २२५, म्हणजे १९५. हे सगळं हायड्रॉक्साइड. जमिनीतल्या साध्या पाण्यात ते सापडत नाही.

२१ ऑक्टोबर २०२४

हिशोब. मुलांनी सरळ वजाबाकी केली : कॅल्शियम ८४ वजा ३०, लिटरमागे ५४. चुन्यात मांडलं तर १०० मिलिग्रॅम. बरोबर दिसतं, पण अपुरं आहे.

तलावाचं पाणी भेगेत शिरताना बायकार्बोनेट घेऊन जातं. भिंतीतला चुना आधी त्याच्याशी भिडतो आणि दोघांचं मिळून कार्बोनेट तिथेच, भेगेच्या अंगाला बसतं. पाणी मऊ करायला चुना घालतात तीच ही क्रिया, फक्त इथे भिंत चुना घालते. त्यामुळे बाहेर आलेला कॅल्शियम म्हणजे सुटलेल्या चुन्याचा एक भागच. हायड्रॉक्साइड, खर्ची पडलेलं बायकार्बोनेट आणि तळाला बसलेलं मॅग्नेशियम, तिन्ही धरून मांडलं तर लिटरमागे साधारण २८० मिलिग्रॅम चुना सिमेंटमधून सुटतो. वजाबाकीपेक्षा पावणेतीन पट.

आजचा वेग लिटरला ५० सेकंद, दिवसाला १७२८ लिटर. सांध्यावर पाणी वर्षातून सहाएक महिने राहतं असं धरू. सव्वातीन लाख लिटरच्या आतबाहेर, आणि चुना ८५ ते ९० किलो. सात-आठ पोती सिमेंटचा मोकळा चुना, दरवर्षी.

भिंत उद्या पडेल असा याचा अर्थ नाही. सांडव्यात शेकडो पोती आहेत. पण हा चुना सगळ्या भिंतीतून सारखा जात नाही, त्या एका सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पट्ट्यातून जातो. चुना गेला की तिथलं काँक्रीट सच्छिद्र होतं, मग सिमेंटचा मुख्य चिकटणारा भागही कॅल्शियम सोडू लागतो. आणि सांध्यात पाण्याचा दाब वर उचलायला बसलेलाच असतो. सरांना काळजी त्याची.

३५ चे ५० सेकंद झाले ते भेग कार्बोनेटने थोडी बुजली म्हणून. तलावात घट झालीय, त्याचाही वाटा असणार. मुलं खुश झाली की भिंत स्वतःच बरी होतेय. होतेय, पण सिमेंटमधला चुना काढून भेगेत भरते. एका खिशातलं दुसऱ्या खिशात, आणि वाटेत थोडं सांडतं.

१२ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाल्यावर शाखा अभियंत्यांना भेटलो. माणूस ऐकून घेणारा निघाला. त्यांचा पहिला प्रश्न : लिटरला ५० सेकंद म्हणजे कितीशी गळती? आमच्या तक्त्यात तिला 'नगण्य' लिहितात. सरांनी दोन बाटल्या पुढे ठेवल्या, 'ब' आणि 'क'. दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. मुलीने दोन्हींत थेंब टाकला. एक गुलाबी झाली.

मग कामाचं बोलणं झालं. खालच्या अंगाने पुन्हा गिलावा मारायचा प्रस्ताव आधीच तयार होता. आमचा त्याला विरोध. बाहेरचं तोंड बंद केलं तर पाणी आत कोंडतं, सांध्यातला दाब वाढतो, आणि ते दुसरीकडून फुटतं. आधीच्या गिलाव्याच्या कडेने आलेले ओघळ त्यांना फोटोत दाखवले. बंद करायचं ते पाण्याच्या अंगाने, आणि खालच्या अंगाला निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची. ग्राउट, म्हणजे भेगेत भरायचं मिश्रण, राखमिश्रित सिमेंटचं असावं, म्हणजे नवीन भरलेल्या थरात मोकळा चुना कमी. ग्राउटला पाणी कुठलं वापरणार हेही विचारलं. ते म्हणाले, तिथलंच. तलावाचं पाणी चालेल, आमच्याकडे आकडे आहेत.

'ब' ची बातमी गावात कशी सांगायची यावर सरपंचांकडे बोलणं झालं. आप्पाच सांगतील असं ठरलं. आमच्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

४ डिसेंबर २०२४

लेखी टिपण दिलं. त्यात मागणी दोनच. तपासणीच्या तक्त्यात गळतीच्या रकान्याशेजारी पाण्याची वाहकता आणि फिनॉल्फ्थॅलीनचा रंग नोंदवायची जागा. आणि भरावावरच्या घळीच्या पट्ट्यात जिप्सम-मुरमाचं काम. फिनॉल्फ्थॅलीनची शंभर मिलीची बाटली वर्षभर पुरते, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. तलावाचा नमुना भरतीच्या काळात एक आणि उन्हाळ्यात एक, असे दोन घ्यावेत, हेही लिहिलं.

'क' आज लिटरला ७० सेकंद. रंग तोच.

दुरुस्ती मेमध्ये, पाणी सांध्याखाली गेल्यावर. तोवर महिन्यातून एकदा बाटली आणि घड्याळ. ते काम साक्रीच्या विद्यार्थिनीने घेतलंय, तिचं घर जवळ आहे. नवीन ब्युरेट मागवायची, जुनीचा नळ गळतो.